खोटा ससा आणि खरी कुत्री : ग्रेहाऊंड रेसिंगची शंभर वर्षं

गणपा_गोर्टनवाला :
मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतोय आणि लांबलाय, चहा घेऊनच बसा. झालं असं की ऑफिसातली एक बाई सुट्टीला गेली आणि जाताना तिचा कुत्रा पंधरा दिवसांसाठी माझ्या गळ्यात मारून गेली. मी मूळचा कोपरगावचा, कुत्र्याशी माझा संबंध लांबून हाड हाड करण्यापुरता. आणि हा प्राणी कमरेएवढा उंच, पोट पाठीला लागलेलं, मांड्या पैलवानाच्या आणि चेहरा पगार थकलेल्या कारकुनाचा. मला वाटलं आता हा घर डोक्यावर घेणार, तर पठ्ठ्या सोफ्यावर चारी पाय वर करून जो झोपला तो संध्याकाळी जेवायलाच उठला. सहज कान उलटून बघितले तर आत शाईने अक्षरं गोंदलेली, दोन्ही कानांत. बाईला मेसेज टाकला तेव्हा कळलं की साहेब रिटायर्ड आहेत, ट्रॅकवर पळायचे, आणि दोन्ही कानांत गोंदलंय म्हणजे जन्म आयर्लंडचा, इंग्लंडातल्या पिल्लांच्या एकाच कानात असतं.

मग काय, रात्री गूगल करत बसलो आणि तीन वाजले. कारण इथे मँचेस्टरला माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर कर्कमनशुल्म लेन आहे, तिथून मी रोज बसने जातो, आणि ब्रिटनमधली पहिली आधुनिक ग्रेहाऊंड रेस तिथेच, बेल व्ह्यू स्टेडियममध्ये, २४ जुलै १९२६ ला झाली हे मला सात वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं! शनिवार होता. माणसं आली जेमतेम सतराशे. पहिली रेस मिस्टली नावाच्या कुत्र्याने जिंकली, ४४० यार्ड २५ सेकंदांत. आयोजकांनी कपाळाला हात लावला असणार, कारण धंदा उभा करायला २२,००० पौंड गोळा केले होते. पण काही आठवड्यांतच गर्दी सोळा हजारांच्या घरात गेली आणि दीड वर्षात लंडनमध्ये व्हाइट सिटी, हॅरिंगे, वेम्बली सगळीकडे कुत्री पळायला लागली.

आता थोडं मागे जातो. ग्रेहाऊंड ही सशाच्या मागे सोडायची जात. (अवांतर : ग्रेहाऊंडमधल्या ग्रेचा करड्या रंगाशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीतला वेगळाच शब्द आहे, आमचा पाहुणा तर पिवळट आहे.) जुना खेळ म्हणजे कोर्सिंग. उघड्या माळावर रानससा उठवायचा, त्याला थोडी मोकळीक द्यायची आणि मग दोन कुत्री एकदम सोडायची. सोडणाऱ्याला स्लिपर म्हणतात, जज घोड्यावर बसून मागे पळतो, आणि मार्क ससा मारण्याचे नसतात तर कोण पुढे गेला, कोणी सशाला वळायला लावलं याचे असतात. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात नॉरफोकच्या ड्यूकने याचे नियम करून दिले असं मानतात, १७७६ मध्ये लॉर्ड ऑरफर्डने स्वाफमला पहिला क्लब काढला, आणि १८३६ पासून लिव्हरपूलजवळ ऑल्टकारला वॉटरलू कप सुरू झाला. नावात वॉटरलू आहे म्हणून नेपोलियन आठवला ना? मलाही आठवला. पण कप भरवणाऱ्या विल्यम लिनचं लिव्हरपूलमध्ये वॉटरलू नावाचं हॉटेल होतं, म्हणून ते नाव! म्हणजे गिऱ्हाईक आणायला काढलेली स्पर्धा. १८६८, ६९ आणि ७१ असा तीनदा हा कप जिंकणारा मास्टर मॅकग्रा नावाचा आयरिश कुत्रा एवढा गाजला की त्याला व्हिक्टोरिया राणीपुढे नेऊन उभं केलं होतं.

पण कोर्सिंगला माळ लागतो, जमीनदार लागतो, कामाच्या दिवशी सुट्टी लागते, आणि ससा मरतो. १८७६ मध्ये लंडनजवळ हेंडनला कोणीतरी डोकं लावलं, चारशे यार्डांच्या सरळ रुळावर नकली ससा ठेवला आणि तो चरकासारख्या यंत्राने ओढला. चाललं नाही. सरळ रेषेत जो जास्त वेगाचा तो दर वेळी पुढे, वळणच नाही तर मजा काय.

चाळीसेक वर्षांनी ते जमलं ते अमेरिकेतल्या ओवेन पॅट्रिक स्मिथमुळे. १९०५ च्या सुमारास साउथ डकोटातल्या हॉट स्प्रिंग्ज गावात कोर्सिंगमध्ये सशांचे हाल बघून हा माणूस कळवळला आणि सशाशिवाय हा खेळ कसा होईल याच्या मागे लागला, असं सांगतात. गोल ट्रॅक, कडेने रूळ, रुळावर मोटरने पळणारा भुसा भरलेला ससा. पेटंट, अपयश, परत पैसे उभे करणं असं करत १९१९ मध्ये कॅलिफोर्नियात एमरीव्हिलला ट्रॅक उघडला. तिथून ओक्लाहोमा, फ्लोरिडा. चार्ल्स मन नावाच्या अमेरिकनाने ब्रिटनचे हक्क घेतले, इथे त्याला धंद्यात साथ द्यायला ब्रिगेडियर जनरल क्रिचली भेटले आणि दोघांनी हा खेळ बेल व्ह्यूला आणला. स्मिथ १९२७ मध्ये वारला, म्हणजे इंग्लंडात त्याच्या सशाने केलेला धुमाकूळ त्याला नीट बघायलाही मिळाला नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलं, म्हणजे विचार करायला लावलं, ते हेच. सशाची दया आली म्हणून यंत्र केलं. आणि त्या यंत्रामुळे माळाची गरज संपली, मोसमाची संपली, दिवसाउजेडाची पण संपली, विजेच्या दिव्यांखाली गावाच्या मधोमध आठवड्यातून तीन-तीन रात्री रेस लावता यायला लागली, आणि तेवढ्या रेस भरायला हजारो कुत्री लागायला लागली. पुढचं प्रतिसादात लिहितो, पाहुण्याला फिरवायची वेळ झाली.

चहाबिस्किट :
भारी लिहिलंय राव. पगार थकलेला कारकून वाचून हसले. फोटो टाक की पाहुण्याचा.

खडूस_काका :
लेख चांगला. पण एक कळलं नाही, सतराशे माणसांवरून सोळा हजार कशी झाली? इंग्रज लोक काय कुत्र्याची शेपटी बघायला जातात का. जुगार होता म्हणून गेले, स्पष्ट लिहा की.

गणपा_गोर्टनवाला :
काका, बरोबर, जुगारच. पण जुगार तर घोड्यांवर पण होता, मग कुत्रीच का? याचं उत्तर मला फार इंटरेस्टिंग वाटलं. तेव्हा इथे कायदा असा होता की रेसकोर्सच्या बाहेर रोख पैसे लावणं गुन्हा, १९०६ च्या स्ट्रीट बेटिंग ॲक्टने रस्त्यावर बेटिंग घेणाऱ्याला पोलीस उचलायचे. श्रीमंताला अडचण नाही, त्याचं बुकीकडे खातं, उधारीवर फोन करून पैसे लावतो, ते कायदेशीर! गिरणीतला माणूस मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर उभ्या पोऱ्याच्या हातात चिठ्ठी आणि सहा पेन्स कोंबणार, म्हणजे तो चोर. ट्रॅकवर जाऊन रोख लावलं तर चालतं, पण घोड्यांचं रेसकोर्स लांब, रेस दुपारी, आणि दुपारी हा मशीनवर उभा.

आणि मग हे कुत्र्यांचं निघालं. रेस संध्याकाळी, शिफ्ट सुटल्यावर. ट्रामच्या अंतरावर. तिकीट स्वस्त, आणि एक रेस तीस सेकंदांत संपते, दर पंधरा मिनिटांनी दुसरी. बायकाही यायच्या म्हणे भरपूर, पबमध्ये एकटी बाई दिसली की लोक बघायचे पण इथे नवऱ्यासोबत, मैत्रिणींसोबत संध्याकाळ जायची. मला तर आमच्या आजोबांनी सांगितलेली गिरणगावातली संध्याकाळच आठवली. चर्चवाले आणि वरच्या वर्गातले लोक लगेच ओरडायला लागले की गरीब बिघडतोय, पोरांचं दूध कुत्र्यांवर चाललंय. घोड्यांवर बिघडणाऱ्या लॉर्ड लोकांबद्दल तेवढा आवाज नव्हता.

खडूस_काका :
हे पटलं. मटका बंद, रेसकोर्स चालू, आपल्याकडेही तेच. महालक्ष्मीला गेलं की शौक, गल्लीत लावला की पोलीस.

आकडेमोड :
मला मिस्टलीचा आकडा बघून राहवलं नाही. ४४० यार्ड म्हणजे साधारण ४०२ मीटर, २५ सेकंद, म्हणजे सेकंदाला सोळा मीटर, ताशी ५८ किलोमीटर. आणि हे वळणं धरून सरासरी आहे! उसेन बोल्टचा शंभर मीटरचा सरासरी वेग ताशी ३७.५ च्या आसपास येतो, तो पण सरळ रेषेत.

गणपा, मिक द मिलरबद्दल लिहिणार ना? नाही लिहिलंस तर मी लिहीन.

गणपा_गोर्टनवाला :
तूच लिही बाबा, पाहुणा दारात उभा आहे.

आकडेमोड :
ओके. मिक द मिलर म्हणजे या खेळातला सचिन समजा. १९२६ मध्येच, म्हणजे बेल व्ह्यू सुरू झालं त्याच वर्षी, आयर्लंडच्या ऑफली परगण्यात किली नावाच्या खेड्यात जन्मला. मालक कोण तर चर्चचे फादर मार्टिन ब्रॉफी. त्यांच्याकडे मिक मिलर नावाचा एक गडी होता वरकाम करणारा, त्याचंच नाव कुत्र्याला. लहानपणी डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा आजार) झाला होता, वाचेल याची खात्री नव्हती. १९२९ मध्ये फादर त्याला घेऊन लंडनला आले इंग्लिश डर्बीसाठी, ही कुत्र्यांची सगळ्यात मानाची स्पर्धा, व्हाइट सिटीला १९२७ पासून सुरू झालेली. पहिल्या फेरीच्या सुमारास एका बुकीने ८०० गिनी टाकून फादरकडून कुत्रा घेतला. आणि त्याच डर्बीत मिकने ५२५ यार्ड २९.८२ सेकंदांत काढले. ३० सेकंदांच्या आत जाणारा पहिला कुत्रा. मी हिशोब केला, ताशी परत ५८ च येतात, फक्त अंतर जास्त.

डर्बी जिंकला. १९३० मध्ये परत जिंकला. एकोणीस रेस लागोपाठ जिंकला. १९३१ ची फायनल म्हणजे सिनेमाच : म्हातारा मिक पहिला आला, लोक वेडे झाले, आणि तेवढ्यात भोंगा, नो रेस! का तर पळता पळता दुसऱ्या एका कुत्र्याने भांडण काढलं होतं. परत पळवलं, दमलेला होता, हरला. लोकांनी एवढी बोंबाबोंब केली. त्याच वर्षी वेम्बलीला सेंट लेजर ही लांब पल्ल्याची रेस जिंकून निवृत्त झाला, नंतर सिनेमात पण काम केलं, आणि १९३९ मध्ये गेल्यावर त्याच्यात भुसा भरून म्युझियममध्ये ठेवला. अजून ट्रिंगच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये काचेत उभा आहे.

चहाबिस्किट :
आयुष्यभर भुसा भरलेल्या सशामागे पळाला आणि शेवटी त्याच्यातच भुसा भरला.

खडूस_काका :
चहाबिस्किट, प्रतिसाद ऑफ द डे.

शमिका_क :
वेम्बलीचा उल्लेख आला म्हणून एक किस्सा. माझा नवरा फुटबॉलवेडा आहे, त्याच्याकडून ऐकलेला. १९६६ चा वर्ल्ड कप इंग्लंडमध्ये होता, मॅचेस वेम्बलीला. पण १५ जुलैची उरुग्वे-फ्रान्स मॅच वेम्बलीला झालीच नाही, व्हाइट सिटीला हलवली, कारण शुक्रवारी वेम्बलीला कुत्र्यांची रेस असायची आणि स्टेडियमचा मालक म्हणाला ती रद्द करणार नाही!! वर्ल्ड कप गेला खड्ड्यात. उरुग्वे २-१ ने जिंकलं.

गणपा_गोर्टनवाला :
शमिका, हे वाचून मी पण उडालो होतो. पण मालकाची बाजू पण ऐका. वेम्बली १९२४ च्या साम्राज्याच्या प्रदर्शनासाठी बांधलेलं, प्रदर्शन संपल्यावर पांढरा हत्ती झालेलं. पाडणार होते जवळजवळ. आर्थर एल्विन नावाच्या माणसाने घेतलं आणि डिसेंबर १९२७ पासून कुत्र्यांच्या रेस लावून ते जगवलं. फुटबॉलची फायनल वर्षातून एकदा, कुत्री वर्षभर. म्हणजे पेले, मॅराडोना वगैरे मंडळी ज्या वेम्बलीचं नाव घेतात त्याचं लाइट बिल ग्रेहाऊंडनी भरलेलं आहे. व्हाइट सिटीचं पण तेच, १९०८ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलं, नंतर पडून होतं, १९२७ मध्ये कुत्र्यांनी उठवलं.

रानवाटकरी :
उशिरा आलो धाग्यावर. गणपाभाऊ एक सांगू का, आमच्याकडं जत तालुक्यात हे सगळं नवीन नाही. आमच्या घरी आजोबांपासून कारवानी कुत्री. लांब तोंडाची, सडपातळ, तुमच्या पाहुण्याची चुलत भावकीच. मेंढरं राखायला आणि सशाला सोडायला. ससा मारणं आता वनखात्याच्या कायद्यानं गुन्हा आहे, पण पूर्वी सणाला ठरलेलं असायचं. कर्नाटकात तीच जात मुधोळ म्हणून चालते. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे, त्यांनी ही जात सांभाळली आणि इंग्लंडच्या राजाला जोडी भेट दिली. २००५ साली पोस्टाचं तिकीट पण निघालं मुधोळ हाऊंडचं. केनेल क्लबवाल्यांच्यात अजून नावावरनं वाद, एक क्लब कॅरॅव्हन म्हणतो, दुसरा मुधोळ. कुत्र्याला काय, हाक मारली की येतंय.

जत्रेत कुत्र्यांच्या शर्यती पण बघितल्यात आमच्या भागात. गोल ट्रॅक वगैरे काही नाही, सरळ माळ, पुढं मोटरसायकलला काहीतरी बांधून ओढत न्यायचं. बक्षीस ढाल, फेटा आणि रोख. लोक घरची चपाती-अंडी खायला घालून वर्षभर कुत्रं तयार करतात. हरलं तरी घरीच येतं.

खडूस_काका :
हरलं तरी घरीच येतं, इथेच खरा फरक आहे बहुतेक. विलायतेत हरलेल्याचं काय करतात?

डॉ_पंजा :
मी पुण्यात प्रॅक्टिस करतो, आधी काही वर्षं इंग्लंडात नोकरी केली तेव्हा ट्रॅकची कुत्री रोज बघितली. काकांच्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत देतो.

आधी शरीर. ग्रेहाऊंडचं हृदय त्याच्या आकाराच्या मानाने मोठं असतं, रक्तात लाल पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, एवढ्या जास्त की नवीन डॉक्टर रिपोर्ट बघून घाबरतो की हा डिहायड्रेट झालाय का. अंगात चरबी नाही, त्यामुळे थिओपेंटोनसारखी जुनी भुलीची औषधं त्याला फार वेळ चढून राहतात, तो उठतच नाही लवकर. पळताना एका झेपेत दोनदा चारी पाय हवेत असतात. म्हणजे हे मशीन आहे तीस सेकंदांचं, बाकी वेळ झोपायचं. गणपाचा पाहुणा नॉर्मल आहे, काळजी नको.

आता ट्रॅक. गोल आणि कायम डावीकडे वळणारा. ब्रिटनमध्ये सहा कुत्री, सहा ट्रॅप (सुटायच्या पेट्या), जॅकेटचे रंग ठरलेले : एक लाल, दोन निळा, तीन पांढरा, चार काळा, पाच केशरी, सहा काळेपांढरे पट्टे. सुटल्यावर पहिल्या वळणावर सहाही जण आतली जागा धरायला एकत्र घुसतात आणि तिथेच सगळ्यात जास्त धडका होतात. आणि सतत डावीकडे वळल्यामुळे जोर उजव्या मागच्या पायावर येतो, त्या पायाच्या घोट्यातलं एक छोटं हाड आहे, सेंट्रल टार्सल, ते मोडतं. रेसच्या कुत्र्यांचं ठरलेलं फ्रॅक्चर. ते जोडता येतं, ऑपरेशन आहे. पण ऑपरेशनचा खर्च आणि नंतर तो पळणारच नाही, असा हिशोब मालकाने मांडला की पुढचं इंजेक्शन कुठलं ते तुम्ही ओळखा. मी ते दिलंय. चार वर्षांच्या, बाकी सगळं धडधाकट असलेल्या कुत्र्याला. एवढंच लिहितो.

चहाबिस्किट :
नको होतं वाचायला पण बरं झालं लिहिलंत डॉक्टर.

गणपा_गोर्टनवाला :
डॉक्टर धन्यवाद. मी पाहुण्याचा मागचा उजवा पाय आत्ता चाचपून आलो, एक गाठ लागते खरी. बाईला विचारतो.

काकांचा प्रश्न पुढे नेतो. कुत्र्याची रेसची कारकीर्द दोन-तीन वर्षांची, आयुष्य बारा वर्षांचं. आणि जन्मलेली सगळी ट्रॅकपर्यंत पोचतही नाहीत, वेग नाही म्हणून आधीच बाद. हा हिशोब पहिल्या दिवसापासून तसाच होता पण पन्नास वर्षं त्यावर कोणी फार बोललं नाही. ब्रिटनमध्ये रिटायर्ड ग्रेहाऊंड ट्रस्ट निघाला तो १९७५ मध्ये. आणि २००६ मध्ये संडे टाइम्सने बातमी फोडली की डरहॅम परगण्यात एक माणूस पंधरा वर्षं निरोगी ग्रेहाऊंड पैसे घेऊन मारून शेतात पुरत होता, आकडा दहा हजारांच्या घरात. लोक हादरले.

मेलबर्नची_मावशी :
ऑस्ट्रेलियाचं मी सांगते. इथे १९२७ मध्ये सिडनीत सुरू झालं, इकडे त्या सशाला टिन हेअर म्हणायचे. आमच्या शेजारचे आजोबा अजून दर आठवड्याला टीव्हीवर रेस लावतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये एबीसी या इथल्या सरकारी चॅनेलच्या फोर कॉर्नर्स कार्यक्रमात लपवलेल्या कॅमेऱ्याचं फुटेज दाखवलं, ट्रेनर लोक जिवंत ससे, पॉसम, डुकराची पिल्लं त्या रुळावरच्या यंत्राला बांधून कुत्र्यांना शिकवत होते! गणपा तू लिहिलंस ना की सशाचे हाल नकोत म्हणून यंत्र काढलं, तर त्याच यंत्राला परत जिवंत ससा बांधला लोकांनी, शंभर वर्षांनी. मी त्या रात्री जेवले नाही.

मग न्यू साउथ वेल्समध्ये निवृत्त न्यायमूर्ती मॅकह्यू यांची चौकशी बसली, त्यांच्या अहवालात होतं की १२ वर्षांत ४८,८९१ ते ६८,४४८ कुत्री केवळ पुरेशी वेगवान नाहीत म्हणून मारली गेली. जुलै २०१६ मध्ये तिथले प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) माइक बेअर्ड यांनी बंदी जाहीर केली. आणि ऑक्टोबरमध्ये मागे घेतली! गावाकडची मतं, रेडिओवाले, पेपरवाले सगळे तुटून पडले. आमच्या व्हिक्टोरियात चालूच आहे पण ॲडॉप्शन खूप वाढलंय, आणि २०१९ पासून पाळीव ग्रेहाऊंडला बाहेर नेताना तोंडाला मुसकं लावायची सक्ती पण काढली.

रानवाटकरी :
आपल्याकडं बैलगाडा शर्यतीचं हेच झालं की. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केली, मग कायद्यात दुरुस्ती, डिसेंबर २०२१ ला परवानगी, २०२३ ला शिक्कामोर्तब. गावाकडची मतं कुणाला नकोत.

पण मावशी एक सांगतो, बैलगाड्यावर कितीही वाद घाला, बैल दावणीला असतो. इथं कुत्रं भाड्याच्या खोलीत आणि मालक तीनशे किलोमीटरवर, त्यानं कधी हात पण लावला नसंल त्याला.

मेलबर्नची_मावशी :
दावणीचा बैल म्हातारा झाल्यावर कुठे जातो ते पण विचारा मग.

रानवाटकरी :
हं. बरोबर आहे. ते पण सरळ नाही.

आकडेमोड :
वातावरण गंभीर झालंय म्हणून डॅगनमचा किस्सा टाकतो, जुगारवाल्यांना आवडेल. ३० जून १९६४, पूर्व लंडनमधला डॅगनम ट्रॅक. आधी टोट म्हणजे काय ते : सगळ्यांनी लावलेले पैसे एका डब्यात, ट्रॅकचा वाटा काढून बाकी जिंकणाऱ्यांत वाटायचे. म्हणजे जिंकणारं तिकीट एकच असेल तर सगळा डबा त्याचा. आणि बाहेरच्या बेटिंग शॉपवाले पण ट्रॅकवरच्या टोटचाच भाव द्यायचे.

आता एका टोळीने काय केलं, शंभराहून जास्त माणसं आणून टोटच्या खिडक्यांपुढे लायनीत उभी केली. ही माणसं सुट्टे पैसे मोजत, वाद घालत, हरणाऱ्या कुत्र्यांवर बारीक बारीक तिकिटं काढत बसली, खऱ्या गिऱ्हाइकाला खिडकीच मिळेना. त्याच वेळी देशभरच्या बेटिंग शॉप्समध्ये टोळीची दुसरी माणसं पहिला-दुसरा येणाऱ्या कुत्र्यांच्या नेमक्या जोड्यांवर पैसे लावत होती. रेस संपली तेव्हा ट्रॅकवर त्या जोडीचं जिंकणारं तिकीट निघालं एकच. भाव फुटला दोन शिलिंगला ९८७ पौंड ११ शिलिंग ९ पेन्स. बुकींच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. पण लक्षात घ्या, कुत्र्याला कोणी हात लावला नाही, डोपिंग नाही, काही नाही. नुसती लाइन लावली.

खडूस_काका :
आमच्या तहसील कचेरीतले लोक असले तर रोज डॅगनम करतील.

शमिका_क :
हाहाहा. बरं पण मग हा खेळ पडला कशामुळे? प्राणीमित्रांमुळे?

गणपा_गोर्टनवाला :
शमिका, नाही, प्राणीमित्र फार नंतर आले. ज्या कायद्यामुळे वाढला त्याच्या उलट्या कायद्यामुळे पडला. बघ, १९३४ च्या कायद्याने ट्रॅकवर टोट अधिकृत झाला पण वर्षाला १०४ दिवसच. युद्ध संपल्यावर लोकांच्या खिशात पैसे आणि दुकानात घ्यायला काही नाही, रेशनिंग चालू, तेव्हा १९४६ मध्ये गर्दीचा कळस झाला, वर्षाला सुमारे ३.४ कोटी लोक. मग १९४७ च्या कडाक्याच्या थंडीत कोळसा नाही म्हणून रेस बंद ठेवल्या, १९४८ पासून कुत्र्यांच्या टोटवर दहा टक्के कर बसवला, घोड्यांना मात्र माफ! आणि १९६० चा कायदा आला, १ मे १९६१ पासून गल्लीत बेटिंग शॉप उघडायला परवानगी. झालं. पाऊस-थंडीत ट्रॅकवर कोण जाईल, कोपऱ्यावर दुकान आहे, त्यात घोडेपण आहेत, आणि घरी टीव्ही आलाय.

पुढचा भाग जरा उदास आहे. १९६७ पासून बुकींनीच पैसे देऊन दुपारच्या रेस सुरू केल्या, कारण दुकानात गिऱ्हाइकाला लावायला सतत काहीतरी पाहिजे, घोडे पावसाने रद्द झाले तर कुत्री. म्हणजे जिथे शिफ्ट सुटलेल्या माणसांनी भरलेलं स्टेडियम होतं तिथे दुपारी दोन वाजता रिकाम्या खुर्च्यांपुढे कुत्री पळणार आणि बघणारा चारशे मैलांवर एका दुकानात उभा. खेळ गेला, आकडा राहिला. आणि शहराच्या मधोमध एवढी जमीन म्हटल्यावर बिल्डर आलेच. व्हाइट सिटी १९८४ ला बंद, मग तिथे बीबीसीचं ऑफिस. वॉल्थमस्टो २००८, विम्बल्डन मार्च २०१७, तो लंडनमधला शेवटचा मोठा म्हणून लोक रडले होते. आमचं बेल व्ह्यू २०२० ला, कोविडच्या वर्षात, निरोपाची रेस पण नाही.

बाहेर बघायचं तर फ्लोरिडात, जिथे १९३१ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा यावरची बेटिंग कायदेशीर झाली, तिथेच २०१८ मध्ये लोकांनी मतदान करून बंदी आणली, ६९ टक्के मतांनी. २०२२ अखेर आर्कान्सासचा ट्रॅक मिटला तेव्हा अख्ख्या अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातले दोनच उरले. मकाऊचा कॅनिड्रोम ट्रॅक २०१८ मध्ये बंद झाला तेव्हा कंपनी पाचशेच्या वर कुत्री मागे सोडून गेली, मग संस्थांनी त्यांना जगभर घरं शोधली. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये बंद करणार म्हणून जाहीर केलं, वेल्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये. आणि जिथून सगळं निघालं तो वॉटरलू कप, तोही शिकारबंदी कायद्यामुळे फेब्रुवारी २००५ मध्ये शेवटचा झाला, कायदा लागू व्हायच्या दोनचार दिवस आधी.

आकडेमोड :
गर्दीचे ३.४ कोटी म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या प्रत्येक दोन माणसांमागे एकाहून जास्त तिकीट. बापरे.

चहाबिस्किट :
वाचनखूण साठवली. पण खरा प्रश्न राहिलाच, पाहुणा सशामागे पळतो का?

डॉ_पंजा :
हे मलाही विचारायचं होतं. गणपा, मोकळा सोडू नकोस बागेत, ऐकणार नाही. आणि पट्टा ग्रेहाऊंडचा रुंदवालाच वापर, साध्यातून त्यांचं डोकं सुटतं, मानेपेक्षा डोकं बारीक असतं.

गणपा_गोर्टनवाला :
डॉक्टर, एक दिवस उशीर केलात. काल संध्याकाळी बागेत ससा निघाला. खराखुरा. पाहुणा आठ दिवसांत पहिल्यांदा जागा झाला. पट्टा रुंदच होता, डोकं नाही सुटलं, पण दोरी मी करंगळीला गुंडाळली होती. आता एका हाताने टाइप करतोय. ससा झुडपात गेला, पाहुणा घरी येऊन सोफ्यावर. बाईने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो त्याचा पाय बरा आहे ना.

खडूस_काका :
आणि फोटो?

गणपा_गोर्टनवाला :
करंगळीचा का कुत्र्याचा?